चोच दिसल्यावर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझ्या इनक्युबेटरमधल्या कोंबडीच्या अंड्यांना उद्या अठरावा दिवस लागेल, म्हणून घाईनं लिहितोय. अडकलेल्या पिल्लाला बाहेर काढावं का, असं तू विचारलं होतंस. मी एक काढलं, आणि त्याआधी एक माझ्या हातून गेलं.

पहिल्यानं विसाव्या दिवशी संध्याकाळी टरफलाला टवका पाडला. रात्रभर आतून चिवचिव, पण भोक तेवढंच. पहाटे माझा धीर सुटला आणि मी नखानं टरफल सोलायला घेतलं. आतल्या पापुद्र्यावर केसासारख्या बारीक लाल रेघा होत्या. त्यातली एक फुटली. एवढ्याशा अंड्यातून किती रक्त आलं म्हणून सांगू! बलकही अजून पोटात पुरता गेलेला नव्हता. तासाभरात ते माझ्या तळहातावर गार पडलं.

मग मी नीट समजून घेतलं. पिल्लू आधी अंड्यातल्या हवेच्या पोकळीत चोच घालतं आणि तिथं पहिला श्वास घेतं. नंतर चोचीवरच्या टोकदार उंचवट्यानं टरफल फोडतं, आणि थांबतं. १२ तास, कधी २४ तास. आपल्याला वाटतं, दमलं बिचारं. पण त्याच वेळात पापुद्र्यातलं रक्त त्याच्या अंगात उतरत असतं आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. बाहेर आल्यावर पहिले दोन दिवस त्याला तोच पुरतो. म्हणजे ते पिल्लू अडकलेलं नव्हतंच रे. हे अजून मनातून जात नाही.

दुसरं मात्र खरंच अडकलं, आणि तेही माझ्यामुळेच. बाकीची पिल्लं निघताना बघायला मी सारखं झाकण उघडत होतो. शेवटच्या तीन दिवसांत आर्द्रता ६५ ते ७० टक्के लागते. झाकण उघडलं की ती भसकन उतरते. भोक पडून २४ तास उलटून गेले तरी चीर पुढे सरकेना. पापुद्रा वाळून कागदासारखा कडक झालेला, पिसांना चिकटलेला. आवाजही क्षीण होत चालला. तेव्हा हात घातला.

कोमट पाण्यात कापसाचा बोळा भिजवून पिळला आणि पापुद्र्यावर टेकवला, नाकपुड्या सांभाळून. पापुद्रा ओला झाला की आरपार दिसायला लागतं, रक्ताच्या रेघा असतील तर कळतात. भोकाजवळ नव्हत्या. चिमट्यानं टाचणीच्या डोक्याएवढे टवके काढले आणि अंडं परत आत ठेवलं. अर्ध्या तासानं पुन्हा तेच. एके ठिकाणी लालसर दिसलं, तिथंच थांबलो आणि दोन तास हात लावला नाही. शेवटी जाड टोकाची टोपी तेवढी सैल करून दिली. पाय झाडून बाहेर आलं ते त्याचं त्यानं. ओलं, मान टाकलेलं, पोट वर-खाली होत होतं. संध्याकाळी पिसं फुलवून उभं राहिलं तेव्हा मी रडलो.

तर उद्यापासून अंडी फिरवणं बंद. पाणी भर, झाकण लाव, काचेतूनच बघ. भोक पडलं की वेळ लिहून ठेव. ते निमुळत्या टोकाला पडलं तर जास्त लक्ष ठेव, तिकडे हवेची पोकळी नसते. आणि चिमटा हातात घ्यायच्या आधी मला फोन कर, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

तुझाच,
जिवलग मित्र