चिकन कटलेटमध्ये चिकन किती, ते तरी सांगा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

बेळगावात हल्ली चिकन कटलेट कुठं मिळत नाही असं नाही. कॅम्पातल्या बेकऱ्यांत ते आधीपासूनच होतं, चोर्ला घाटातून गोव्याला गेलेले लोक तिकडचं कटलेट पाव खाऊन त्याची तारीफ करतात ते वेगळंच, पण आता टिळकवाडी, शहापूर, वडगाव, जिकडं बघाल तिकडं संध्याकाळी गाड्यांवर तळायलेत आणि फ्रोजन पाकिटं तर किराणा दुकानाच्या फ्रीजरमध्ये पण आलीत. खाण्याला माझा विरोध नाही, आमच्या घरी सगळ्यांना आवडतं. पण आपण पालक हे मुलांना प्रोटीन म्हणून डब्यात द्यायलोय, आणि त्यातनं प्रोटीन किती जातंय हे ना आपल्याला माहीत ना विकणाऱ्याला, हे मला बरोबर वाटत नाही.

परवा गाडीवरचं एक कटलेट घरी आणलं, सुरीनं वरचं आवरण सोडवलं आणि किचनमधल्या काट्यावर ठेवलं. अख्खं कटलेट ७० ग्रॅम, त्यातलं ब्रेडक्रम्स, अंडं आणि त्यांनी प्यालेलं तेल मिळून २६ ग्रॅम. म्हंजे तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त वरचंच. राहिलेलं आत बघितलं तर त्यातही निम्मा उकडलेला बटाटा आणि कांदा, बोटानं चेपलं की चिकनचे धागे मधे मधे लागतात तेवढेच. सगळ्यांचं असंच असतं असं मी म्हणत नाही, कॅम्पात अख्खा ब्रेस्टचा तुकडा ठोकून पातळ करून बनवलेलं पण खाल्लंय, ते खरं मटेरियल. पण नाव दोन्हीचं एकच.

आता हिशोब बघा. शिजलेलं चिकन ब्रेस्ट १०० ग्रॅम खाल्लं तर साधारण ३० ग्रॅम प्रोटीन मिळतं. कटलेटमध्ये चिकन २० ग्रॅम असेल तर त्याचं प्रोटीन ६ ग्रॅमच्या आसपास, म्हंजे एका उकडलेल्या अंड्याएवढं. आयसीएमआरनं, म्हंजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, ७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला २३ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय, तेव्हा एका कटलेटवर निवांत बसायचं काही कारण नाही, आणि अंड्याबरोबर मैदा आणि तळलेलं तेल येत नाही ते कटलेटबरोबर येतं. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, प्रोटीनच्या एका ग्रॅमला ४, त्यामुळं आवरण जितकं जाड तितक्या कॅलरी वाढतात, प्रोटीन काही वाढत नाही. मीठ पण क्रम्समध्ये असतं आणि मसाल्यात पण, वर सॉस वेगळा.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, फ्रोजन कटलेट बहुतेक वेळा कारखान्यातच अर्धं तळलेलं असतं, आपण घरी परत कढईत सोडतो म्हंजे तेल दोनदा. त्यापेक्षा तव्यावर मंद आचेवर परतलं की चालतं, वरून तेल जवळपास लागत नाही, फक्त आतपर्यंत नीट गरम व्हायला पाहिजे. घरी तळणारच असाल तर तेल चांगलं तापलेलं पाहिजे आणि काढल्या काढल्या जाळीवर निथळत ठेवा, कारण कटलेट गार होताना वरचं तेल आवरणाच्या बारीक भोकांत ओढलं जातं, ताटात एकावर एक रचून ठेवलं तर सगळं आतच जातं. क्रम्सचा दुहेरी थर तर लावूच नका.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. पाकिटावर घटक आणि पोषणमूल्यं छापलेली तरी असतात, वाचा म्हणजे कळेल, घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं असतात, चिकनच्या आधी दुसरं काही असेल तर समजून घ्या. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना कॅलरी लिहावी लागते. पण गाडी आणि छोट्या बेकरीला असं काही नाही, आणि आपली मुलं तिथंच खायलेत. एफएसएसएआय, म्हंजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणं शाळेच्या आवारापासून ५० मीटरपर्यंत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकता येत नाहीत, तरी शाळा सुटायच्या वेळी गेटवर जाऊन बघा काय चाललंय. तेल परत परत तापवलं की त्यात पोलर कंपाऊंड नावाचे खराब घटक वाढतात, ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही हा पण नियम आहे, पण काळं पडलेलं तेल संध्याकाळभर तसंच उकळत असतं. कर्नाटक सरकारनं २०२४ मध्ये कबाबात कृत्रिम रंग घालायला बंदी केली तेव्हा तपासणी झाली, सॅम्पल गेले, मग तेलाची आणि गेटवरच्या विक्रीची का होत नाही?

अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीत शाळांच्या आजूबाजूला तपासणी करावी, आणि कटलेट विकणाऱ्यांनी फळ्यावर दराशेजारी एवढंच लिहावं, चिकन किती ग्रॅम, बटाटा आहे की नाही. आपल्या पेपरनं हा विषय लावून धरावा ही विनंती.

आपला,
एक पालक, टिळकवाडी, बेळगाव