बाबा, दुखलं नाही म्हणून सोडू नका

ती. आई-बाबा, सा. न.

काल बोलता बोलता रडू आलं म्हणून फोन ठेवला, सॉरी, आता नीट लिहिते. बाबा, तुम्ही एकच धरून बसलायत की छातीत कधी दुखलंच नाही तर हृदयाच्या तिन्ही नळ्यांत ब्लॉकेज कुठून आले. अहो हे शुगरमुळेच. इतकी वर्षं शुगर वाढलेली राहिली की नसा बधिर होतात, तुमच्या तळपायाला मुंग्या येतात ना, तसंच हृदयाकडच्या नसांचंही होतं, मग रक्त कमी पडलं तरी कळ येतेच असं नाही, नुसती धाप लागते. दिवाळीत रामबागेत आपला जिना चढताना तुम्ही कठडा धरून थांबलात आणि चावी शोधतोय म्हणालात. चावी माझ्या हातात होती बाबा. तेव्हाच विचारायला हवं होतं मी.

अँजिओग्राफीची सीडी मी दोनदा बघितली. शेजारच्या काकांना एकाच ठिकाणी ब्लॉकेज होता, स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी, टाकला आणि घरी आले. तुमची नळी लांबवर बारीक झालीये, पुढच्या छोट्या फांद्यांपर्यंत. शुगरवाल्यांत असं जास्त दिसतं, नळीचं आतलं अस्तरच खराब होतं, त्यात कोलेस्टेरॉल आणि कॅल्शियम साचत जातं.

म्हणून काकांसारखा स्टेंट टाकू, बायपास नको, असं आत्ताच ठरवू नका. 2012 मध्ये फ्रीडम नावाचा मोठा अभ्यास आला होता, डायबिटीस आणि एकापेक्षा जास्त नळ्या खराब असलेले 1900 पेशंट. पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक यांपैकी काहीतरी झालं ते स्टेंटवाल्यांत जवळपास 27 टक्के लोकांना आणि बायपासवाल्यांत 19. स्ट्रोक मात्र बायपासवाल्यांत जास्त होते, तेही सांगते, लपवणार नाही. तुमच्या बाबतीत काय बरं ते सर्जन आणि कार्डिओलॉजिस्ट दोघांना एकत्र बसवून विचारू.

आई, रविवारची पोहे-जिलेबी सध्या बंद, पोह्यावर शेव नको, जीरावन मसालापण चिमूटभरच, त्यात मीठ असतं. आणि तुझीही एचबीएवनसी ही रक्ततपासणी करायचीच आहे, तीन महिन्यांची सरासरी शुगर कळते. हृदयाचा त्रास असला तर बायकांना कधी कधी नुसती मळमळ नि थकवा येतो, तू ते अ‍ॅसिडिटी म्हणून सोडून देशील, ओळखते मी तुला.

शनिवारी सकाळी पोचतेय, स्टेशनवर येऊ नका. जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची सगळी पाकिटं टेबलावर काढून ठेवा, मनाने एकही गोळी बंद करू नका. तोवर जिना कमीत कमी चढा बाबा, आणि थांबावं लागलं तर आईला खरं कारण सांगा.

तुमची,
ताई