‘१९९८ चा सर्वोच्च गेमिंग पीसी’ म्हणून पाठवलेल्या संगणकाबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : जाहिरातीत लिहिलेल्या भागांऐवजी वेगळे व हलके भाग बसवून संगणक विकल्याबाबत आणि ते बदलून मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून घेतलेला वरील संगणक मिळाला. पावती, ऑर्डरचा तपशील आणि फोटो सोबत जोडले आहेत. जाहिरातीत भागांची यादी अगदी स्वच्छ दिलेली होती : ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू प्रोसेसर, इंटेल ४४०बीएक्स चिपसेटचा मदरबोर्ड, २५६ एमबी पीसी१०० रॅम, १२ एमबीची दोन व्हूडू२ थ्रीडी ग्राफिक्स कार्डे एसएलआय जोडीत (दोन्ही मिळून एकच चित्र रंगवतात), साध्या टूडी चित्रासाठी मॅट्रॉक्स जी२०० कार्ड, साउंड ब्लास्टर एडब्ल्यूई६४ गोल्ड साउंड कार्ड आणि विंडोज ९८ सेकंड एडिशन. सेकंड एडिशन १९९९ ची आहे, पण त्याबद्दल तक्रार नाही. यूएसबीच्या दृष्टीने तीच बरी. १९९८ च्या अखेरीस घरच्या टेबलावर याच्या वरचढ गेमिंग पीसी फारसा कुणाकडे नसणार, आणि किंमतही आपण त्याच हिशोबाने लावली आहे. प्रत्यक्षात कॅबिनेट उघडल्यावर या यादीतले बीएक्स बोर्ड आणि जी२०० एवढेच धडपणे जुळतात.

सर्वांत गंभीर बाब प्रोसेसरची. पार्सल आले तेव्हा स्लॉट-१ चे कार्ट्रिज (प्रोसेसर असलेला, बोर्डाच्या खाचेत उभा बसणारा डबा) एका टोकाने खाचेतून वर उचकटलेले होते, कारण जड हीटसिंकला खालून आधार देणारी पट्टी बसवलेलीच नव्हती. कार्ट्रिज नीट बसवण्यासाठी बाहेर काढले असता त्याच्या कडेवरच्या २४२ संपर्कपट्ट्यांपैकी बी२१ या एका पट्टीवर पारदर्शक टेपची बारीक चिंधी चिकटवलेली दिसली. वरच्या कडेवर ‘४५०’ छापलेला नवा स्टिकर होता. त्याचे टोक सुटलेले होते आणि खाली मूळ छाप होता : एसएल२डब्ल्यू८. हा ३०० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू आहे.

या प्रकाराबद्दल आपल्या प्रतिनिधीने फोनवर दिलेले उत्तर असे की, ‘चालू करताना स्क्रीनवर ४५० दिसतं ना, मग प्रोसेसर ४५० चाच.’ हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या टिकत नाही. एसएल२डब्ल्यू८ चा गुणक ४.५ आहे आणि त्याची मूळ बस (प्रोसेसरला बोर्डाशी जोडणारा मार्ग) ६६ मेगाहर्ट्झची; दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्याचा वेग, म्हणून तो ३०० वर चालतो. खऱ्या ४५० चाही गुणक ४.५ च आहे, फक्त बस १०० ची. बी२१ ही पट्टी बोर्डाला सांगते की प्रोसेसर ६६ चा आहे की १०० चा. ती झाकली की बोर्ड १०० ची बस देतो आणि ४.५ गुणिले १०० असे ४५० पडद्यावर उमटतात. दोन्ही प्रोसेसर डेशूट्स या एकाच गाभ्याचे, दोघांवर ५१२ केबी कॅश (जलद मेमरी), त्यामुळे सॉफ्टवेअरला फरक कळायचा मार्गच राहत नाही. पडद्यावरचा आकडा इथे पुरावा म्हणून चालत नाही. छापील क्रमांक आणि ती पट्टी हाच पुरावा. टेप काढून हाच संगणक सुरू केला की पडद्यावर ३०० येतात, त्याचा फोटो जोडला आहे.

१९९८ साली ही टेपची युक्ती हौशी लोकांत प्रसिद्धच होती आणि नेमका हाच एसएल२डब्ल्यू८ त्यासाठी शोधून शोधून घेतला जाई. आपण ‘३०० चा प्रोसेसर, ४५० वर चालवलेला’ असे सरळ लिहिले असते तर त्यालाही गिऱ्हाईक मिळाले असते, कदाचित खुशीने. पण ३०० वर ४५० चा स्टिकर मारून ४५० चे पैसे घेणे म्हणजे त्या काळात बाजारात बोकाळलेला रिमार्किंगचाच धंदा झाला. शिवाय व्यवहारातला धोका वेगळाच आहे. टेपचा गोंद गरम होऊन सुटला की चिंधी सरकते, पट्टी पुन्हा टेकते आणि एखाद्या दिवशी संगणक गुपचूप ३०० वर सुरू होतो. 

दुसरी बाब व्हूडू२ ची. दोन कार्डे आहेत, मधली ३४ तारांची पट्टीही आहे, पण एक कार्ड १२ एमबीचे आणि दुसरे ८ चे आहे. हे ओळखायला कार्ड चालू करायचीही गरज नाही. या कार्डांवरची प्रत्येक मेमरी चिप अर्ध्या एमबीची असते; १२ एमबीच्या कार्डावर अशा २४ चिप असतात, ८ च्या कार्डावर १६. आपण पाठवलेल्या दुसऱ्या कार्डावर आठ जागांवर नुसते सोल्डरचे ठसे आहेत. व्हूडू२ च्या कंपनीच्या, ३डीएफएक्सच्या, ड्रायव्हरसोबत येणारी मोजो ही छोटी उपयुक्तिकाही हेच सांगते : फ्रेम बफरला (तयार चित्राच्या मेमरीला) दोन्हीकडे ४ एमबी, पण टेक्श्चरच्या (पृष्ठभागावरच्या पोताच्या) प्रत्येक चिपमागे एका कार्डावर ४ आणि दुसऱ्यावर २.

‘एकूण २० एमबी तर आहेच’ असा युक्तिवाद इथे चालणार नाही. एसएलआयमध्ये एक कार्ड सम ओळी रंगवते, दुसरे विषम. दोघांनाही प्रत्येक टेक्श्चर लागतेच, म्हणून दोघे त्याची आपापली प्रत ठेवतात. मेमरीची बेरीज होत नाही. दोन कार्डांवरची मेमरी सारखी नसेल तर ड्रायव्हर एक तर जोडी जमवतच नाही, किंवा जमवलीच तर मोठ्या कार्डाला लहान समजून चालवतो. आपण पाठवलेल्या संगणकात पहिला प्रकार होतो. परिणाम असा की क्वेक २ आणि अनरीअल या खेळांत ८०० बाय ६०० च्या वर जाता येत नाही, कारण एकट्या व्हूडू२ ची मर्यादाच तेवढी आहे. १०२४ बाय ७६८ हवे म्हणून तर माणूस दुसऱ्या कार्डाचे पैसे मोजतो.

त्यात ८ एमबीचे कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीशिवाय, साध्या बबलरॅपमध्ये सुटे गुंडाळून कॅबिनेटच्या तळाशी ठेवलेले होते. व्हूडू२ वरच्या तीन मोठ्या चौकोनी चिपचे पाय केसासारखे बारीक असतात आणि बोटाच्या धक्क्यानेही वाकतात. या कार्डावर एका टेक्श्चर चिपच्या कोपऱ्यातले दोन पाय एकमेकांना टेकलेले भिंगातून स्पष्ट दिसतात. ते तसेच ठेवून चालवल्यास भिंतींच्या पोतावर रंगीत ठिपके आणि पट्टे येतात. याचा आणि ड्रायव्हरचा काडीचा संबंध नाही, म्हणून ‘ड्रायव्हर पुन्हा टाकून बघा’ हा आपला सल्ला मी बाजूला ठेवला आहे.

आता एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा भाग. याकडे आपल्या तंत्रज्ञाने खास लक्ष द्यावे, कारण ही चूक आपल्या दुसऱ्या संगणकांतही होत असणार. बसवलेला एसएमपीएस नवा, ४५० वॅटचा, पण हलका आहे. त्याच्या लेबलवर ५ व्होल्टला फक्त १४ अँपिअर लिहिले आहेत. बाकी ताकद सारी १२ व्होल्टवर. आजच्या बोर्डांना तेच लागते. स्लॉट-१ च्या बोर्डाचे गणित उलटे आहे : प्रोसेसरचा २ व्होल्टचा पुरवठा बोर्ड ५ व्होल्टवरून बनवतो. ४५० च्या पेंटियम टूची उष्णता २७.१ वॅट आहे, त्यात रूपांतरातली गळती धरा, वर दोन्ही व्हूडू२ स्लॉटमधूनच वीज घेतात, आणि डिस्क, साउंड कार्ड वेगळेच. १२ व्होल्टवर मात्र पंखे आणि डिस्कची मोटर सोडली तर भार जवळपास नाहीच. स्वस्त एसएमपीएस दोन्ही व्होल्टेज एकत्रच सावरतो, म्हणून असा एकतर्फी भार पडला की ५ खाली बसतो आणि १२ वर चढतो.

हार्ड डिस्कच्या प्लगवर लाल आणि काळ्या तारेत मल्टीमीटर लावून अनरीअलचे सुरुवातीचे किल्ल्याचे दृश्य चालू ठेवले की ५ व्होल्टच्या जागी ४.६२ येतात, पिवळ्या तारेवर १२.७. पीसीच्या एटीएक्स मानकाप्रमाणे पाच टक्क्यांची मुभा आहे, म्हणजे ५ व्होल्टला किमान ४.७५ आणि १२ ला जास्तीत जास्त १२.६०. दोन्ही आकडे मर्यादेबाहेर आहेत. संगणक थोड्या वेळाने गोठतो तो यामुळे की ताणलेल्या प्रोसेसरमुळे, हे या अवस्थेत वेगळे काढता येत नाही : टेप काढून ३०० वर चालवले तर गोठणे थांबते, पण त्याच वेळी भार कमी होऊन व्होल्टेजही सावरते. म्हणून एकच भाग बदलून ‘आता बघा’ म्हणू नये. दोन्ही बदलावे लागतील. जाता जाता : २४ पिनांचा प्लग २० च्या सॉकेटवर बसवताना उरलेला चार पिनांचा तुकडा शेजारच्या कपॅसिटरवर दाबून बसला आहे. कपॅसिटर तिरका झालाय. २० पिनांचा प्लग किंवा सुटा होणारा तुकडा असलेला एसएमपीएसच लागेल.

रॅमबद्दल थोडक्यात. २५६ एमबीची एकच पट्टी लावली आहे आणि संगणक १२८ मोजतो. पट्टी खराब नाही. तिच्यावर आठच चिप आहेत, म्हणजे प्रत्येक २५६ मेगाबिटची, आणि ४४०बीएक्सला १२८ मेगाबिटच्या पुढची चिप पूर्ण वाचता येत नाही. अर्धीच दिसते. दोन्ही बाजू मिळून १६ चिप असलेली २५६ ची पट्टी द्यावी, किंवा १२८ च्या दोन.

साउंड कार्ड एडब्ल्यूई६४ आहे, गोल्ड नाही. गोल्डवर सोन्याचा मुलामा दिलेले आरसीए जॅक आणि ४ एमबी मेमरी असते; हे साधे, ५१२ केबीचे. शिवाय संगणक सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये साउंड कार्डाची माहिती देणारी ब्लास्टरची ओळच नाही, त्यामुळे निव्वळ डॉसमध्ये बरेच खेळ मुके राहतात. ए२२० आय५ डी१ एच५ पी३३० ई६२० टी६ अशी ओळ घालून ते काम भागले, त्याचे वेगळे काही मागत नाही.

हार्ड डिस्क ४० जीबीची, नंतरच्या काळातली आहे आणि जम्पर (पिनांवरची छोटी टोपी) लावून ३२ जीबीवर अडवलेली आहे. जुना बायोस (बोर्डावरचे सुरुवातीचे सॉफ्टवेअर) त्याहून मोठ्या डिस्कवर अडकतो, म्हणून हे योग्यच केले आहे. १९९८ च्या मूळ डिस्क आज खरखरतात आणि मरतात. या बदलावर माझा आक्षेप नाही. फक्त तो जाहिरातीत लिहायला हवा होता.

माझी मागणी पुढीलप्रमाणे आहे. मूळ छाप शाबूत असलेला ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू द्यावा. तो नसेल तर ३०० आणि ४५० च्या किमतीतला फरक परत करून पावतीवर ‘३००’ असे दुरुस्त करून द्यावे. आठ एमबीच्या जागी १२ एमबीचे व्हूडू२ द्यावे, शक्यतो पहिल्याच उत्पादकाचे. ५ व्होल्टवर किमान २५ अँपिअर देणारा एसएमपीएस, वर सांगितलेली रॅम, एडब्ल्यूई६४ गोल्ड आणि हीटसिंकची आधारपट्टी द्यावी. पाठवण्यापूर्वी एक सलग व्हिडिओ करावा : कार्ट्रिजचा मूळ छाप आणि संपर्कपट्ट्या, मोजोचा निकाल, १०२४ बाय ७६८ वर चालणारा क्वेक २, आणि त्याच वेळी लाल तारेवरचा मल्टीमीटर. हे सर्व जमणार नसेल तर संगणक परत नेऊन संपूर्ण रक्कम द्यावी.

पावतीच्या तळाशी ‘जुन्या वस्तूंना परतावा नाही’ असे छापले आहे. वस्तू जुनी असणे आणि सांगितली त्याहून वेगळी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वस्तू अमुक दर्जाची असल्याचे खोटे सांगणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणे हेही त्याच कलमात येते. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, १९१५ वर, नोंद करून माझ्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन.

परतीची वाहतूक आपल्या खर्चाने व्हावी. प्रोसेसर, टेप आणि स्टिकर आहेत त्या स्थितीत ठेवले आहेत. आपला माणूस येईल तेव्हा ते त्याच्यासमोर फोटो काढूनच सुपूर्द केले जातील. नव्या खेपेत कार्ट्रिज आणि व्हूडू२ कार्डे बोर्डावरून काढून, अँटिस्टॅटिक पिशव्यांत, वेगळ्या खोक्यात पाठवावीत.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, जाहिरातीच्या पानाची छापील प्रत, कार्ट्रिज, बी२१ पट्टी, दोन्ही व्हूडू२, एसएमपीएसचे लेबल आणि मल्टीमीटर यांचे फोटो.