लॉबिंगचा खर्च वीजग्राहकांच्या माथी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवामान बदलाच्या धोरणांना कोणाचा विरोध होतो, हा विषय निघाला की चर्चा बहुधा तेल आणि कोळसा कंपन्यांपाशी येऊन थांबते. ज्या कंपनीचे बिल दरमहा आपल्या घरी येते, त्या वीज कंपनीने याच धोरणांबाबत सरकारदरबारी काय भूमिका मांडली, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आपले म्हणणे शासनापुढे मांडण्याचा अधिकार प्रत्येक उद्योगाला आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु वीजवितरण कंपनी हा इतर उद्योगांसारखा उद्योग नाही. बहुतेक ठिकाणी एका क्षेत्रात एकच कंपनी असते, तिचे दर नियामक आयोग ठरवतो आणि सेवा पटली नाही म्हणून ग्राहकाला दुसरीकडे जाता येत नाही. अशा कंपनीने लॉबिंगवर, म्हणजे सरकारी धोरण आपल्याला हवे तसे वळवण्याच्या खटपटीवर, केलेला खर्च दरनिश्चितीच्या हिशेबात शिरला, तर ज्या धोरणाला ग्राहकाचा पाठिंबा आहे त्याच्याच विरोधातील मोहिमेचे पैसे त्याला भरावे लागतात, आणि तेही त्याच्या नकळत. या पत्राचा विषय एवढाच आहे.

वीज कंपनीला हवामान धोरण का खुपते, हे समजून घ्यायचे तर तिला नफा कुठून मिळतो ते पाहावे लागते. पारंपरिक नियमनात कंपनीला इंधनाचा आणि देखभालीचा खर्च जसाच्या तसा वसूल करता येतो. नफा मिळतो तो वीजकेंद्रे, वाहिन्या आणि उपकेंद्रांत गुंतवलेल्या भांडवलावरील ठरावीक परताव्यातून. साहजिकच, नवे औष्णिक किंवा वायू केंद्र उभारले की परताव्याचा पाया रुंदावतो. ग्राहकाने घराच्या छतावर सौर पॅनेल बसवले किंवा कमी विजेत काम भागवले की तो पाया वाढण्याचे कारणच उरत नाही. त्यातही कोळशाचे केंद्र कर्ज फिटण्याआधी बंद करावे लागले, तर उरलेली रक्कम कोणी सोसायची हा प्रश्न उभा राहतो. कंपनीचे अधिकारी वाईट आहेत म्हणून हे घडते असे मानण्याचे कारण नाही. नियमनाची घडीच त्यांना या दिशेला ढकलते.

या हस्तक्षेपाला मोठा इतिहास आहे. १९९१ मध्ये अमेरिकेत खासगी वीज कंपन्यांची संघटना असलेल्या एडिसन इलेक्ट्रिक इन्स्टिट्यूटने कोळसा उद्योगातील संघटनांच्या साथीने एक प्रचारमोहीम चालवली. तापमानवाढ हे सिद्ध झालेले वास्तव नसून निव्वळ एक सिद्धांत आहे, असे लोकांच्या मनावर ठसवणे हा तिचा लेखी उद्देश होता. फ्लॅगस्टाफ, फार्गो, बोलिंग ग्रीन अशा लहान शहरांत वृत्तपत्रांतून आणि रेडिओवरून जाहिराती देण्यात आल्या. त्यांपैकी एका जाहिरातीत, पृथ्वी तापत असेल तर मिनीॲपोलिस थंड का होत आहे, असा सवाल होता. मोहिमेची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली आणि ती गुंडाळावी लागली. परंतु संशय पेरण्याची ही रीत पुढे अनेक वर्षे वापरली गेली.

आज इतक्या उघडपणे विज्ञान नाकारणारी वीज कंपनी क्वचितच आढळेल. आता वाद लक्ष्याबद्दल नसतो, तपशिलाबद्दल असतो, आणि तो चालतो दरनिश्चितीच्या सुनावणीत, जिथे शेकडो पानांचे प्रस्ताव सामान्य माणूस वाचू शकत नाही. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे छतावरील पॅनेलची जादा वीज बिलातून वळती करण्याच्या पद्धतीत, ग्रिडला (वीजवाहिन्यांच्या जाळ्याला) परत दिलेल्या विजेचा मोबदला कमी करणे, स्थिर आकार वाढवणे, सौर ग्राहकांसाठी वेगळा दरगट मागणे, हे बदल दिसायला तांत्रिक असतात, पण त्यांचा परिणाम एखाद्या कायद्याइतका मोठा असू शकतो. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या आयोगाने मोबदला घटवून स्थिर आकार वाढवला आणि तोही आधीपासून पॅनेल बसवलेल्या ग्राहकांसह सर्वांना लागू केला. त्यानंतर छतावरील सौरऊर्जेच्या मोठ्या कंपन्यांनी त्या राज्यातील नवे काम थांबवले. जुन्या ग्राहकांना पुढच्या वर्षी दिलासा मिळाला, तर धोरण सावरण्यासाठी २०१७ मध्ये नवा कायदा करावा लागला. ग्रिडचा खर्च सौर ग्राहकांनीही उचलावा, हा कंपन्यांचा मुद्दा अगदीच निराधार आहे असे मी म्हणत नाही. पण तो खर्च किती, याचा हिशेब मांडणारी आणि त्या हिशेबाचा लाभ घेणारी कंपनी एकच असते, तेव्हा तो तिऱ्हाइताकडून तपासून घेणे आवश्यक ठरते.

कधी कधी प्रभावाचा रोख थेट नियामकावरच असतो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात वीजदर ठरवणाऱ्या आयोगाचे सदस्य जनतेतून निवडले जातात. तेथील मोठ्या वीज कंपनीच्या पालक कंपनीने, पिनॅकल वेस्टने, २०१४ च्या आयोग निवडणुकीत प्रचार करणाऱ्या गटांना पैसा पुरवल्याचे २०१९ मध्ये उघडपणे मान्य केले. याच समूहाने २०१८ मध्ये, २०३० पर्यंत निम्मी वीज अक्षय स्रोतांतून घेण्याचे बंधन घालणाऱ्या सार्वमताच्या विरोधात तीन कोटी डॉलरहून अधिक खर्च केला आणि तो प्रस्ताव मोठ्या फरकाने पडला.

अमेरिकेतीलच न्यू ऑर्लिन्स शहराचे प्रकरण मला सर्वांत अस्वस्थ करते. तेथे एंटर्जी न्यू ऑर्लिन्स या कंपनीला नैसर्गिक वायूवर चालणारे वीजकेंद्र उभारायचे होते आणि त्यावर नगर परिषदेपुढे सुनावण्या सुरू होत्या. एकसारखे नारिंगी टी-शर्ट घातलेले लोक सभागृहात बसत, केंद्राच्या बाजूच्या वक्त्यांना टाळ्या देत आणि काही जण स्वतः उठून बोलतही. २०१८ मध्ये एका स्थानिक वृत्तसंस्थेने उघड केले की त्यांतील अनेक जण भाड्याने आणलेले नट होते. नुसते बसण्याचे सुमारे ६० डॉलर आणि लिहून दिलेले भाषण करण्याचे सुमारे २०० डॉलर असा मोबदला ठरला होता, आणि या कामाबद्दल कुठेही बोलणार नाही असे त्यांच्याकडून लिहून घेतले होते. हे कंत्राटदारांनी परस्पर केले, आपल्याला कल्पना नव्हती, असा कंपनीचा खुलासा होता. परिषदेने नेमलेल्या चौकशीला तो पटला नाही आणि कंपनीला ५० लाख डॉलरचा दंड झाला. वीजकेंद्राला मात्र तोवर मंजुरी मिळालेली होती. जनसुनावणी ही सामान्य ग्राहकाला मिळणारी जवळपास एकमेव संधी असते. तिथल्या खुर्च्याही विकत घेतलेल्या माणसांनी भरल्या, तर खऱ्या ग्राहकाने आपले म्हणणे मांडायला जावे कुठे?

ओहायो राज्यातील प्रकरण तर अमेरिकेत सर्वश्रुत आहे. २०१९ च्या एका कायद्याने तोट्यातील दोन अणुकेंद्रांना आणि दोन जुन्या कोळसा केंद्रांना ग्राहकांच्या बिलातून मदत मिळाली, अक्षय ऊर्जेचे उद्दिष्ट घटवले गेले आणि ऊर्जाबचतीचे कार्यक्रम मोडीत निघाले. त्यामागे सुमारे ६ कोटी डॉलरची लाच असल्याचे निष्पन्न झाले. विधानसभेचे तत्कालीन सभापती लॅरी हाउसहोल्डर यांना २०२३ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली आणि ही लाच देणाऱ्या फर्स्टएनर्जी या वीज कंपनीने २३ कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. पण लाचखोरीला शिक्षा झाली म्हणजे प्रश्न मिटला असे नव्हे, कारण वर सांगितलेले बहुतेक प्रकार कायद्याच्या चौकटीत बसणारे आहेत.

त्यांतला सर्वांत सोयीचा मार्ग उद्योग संघटनांचा आहे. कंपनी स्वतःच्या नावाने नेट झिरोचे, म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचे, वचन देते, अहवालाच्या मुखपृष्ठावर पवनचक्क्यांचे छायाचित्र छापते आणि तिच्याच वर्गणीवर चालणारी संघटना उत्सर्जनाच्या मर्यादांना न्यायालयात आव्हान देते. ही विसंगती अटळ नाही. २००९ मध्ये अमेरिकन चेंबर ऑफ कॉमर्सने हवामानविषयक नियमांना विरोध केला, तेव्हा पीजी अँड ई, पीएनएम रिसोर्सेस आणि एक्सेलॉन या वीज कंपन्यांनी त्या संघटनेपासून फारकत घेतली. मनात आणले तर कंपन्यांना हे करता येते.

उपायही अवघड नाही. कोलोरॅडो, कनेक्टिकट आणि मेन या अमेरिकी राज्यांनी २०२३ मध्ये कायदे करून लॉबिंगचा आणि संघटनांच्या वर्गणीचा खर्च ग्राहकांकडून वसूल करण्यास मनाई केली. कंपनीला बोलायचे असेल तर तिने भागधारकांच्या पैशाने बोलावे. याने तिची वाणी बंद होत नाही. ग्रिडच्या स्थैर्याबद्दल तिच्या अभियंत्यांचे म्हणणे नियामकाने ऐकलेच पाहिजे, आणि तेही सर्वांसमोर, नोंदीसह. याच्या जोडीला, कोणत्या संघटनेला किती वर्गणी दिली आणि त्या संघटनेने कोणत्या धोरणावर काय भूमिका घेतली, हे प्रत्येक दरप्रस्तावासोबत जाहीर करण्याचे बंधन हवे.

वृत्तपत्रांकडूनही एक अपेक्षा आहे. एखाद्या वीज कंपनीची नेट झिरोची घोषणा छापताना तिच्या चालू दरप्रस्तावात छतावरील सौरऊर्जेबद्दल काय मागितले आहे आणि ती कोणत्या संघटनांची सदस्य आहे, या दोन गोष्टी त्याच बातमीत द्याव्यात. दरप्रस्ताव सार्वजनिक दस्तऐवज असतो, त्यामुळे आपल्या प्रतिनिधीला तो मिळवणे कठीण जाऊ नये.

आपला विश्वासू,
एक वीजग्राहक वाचक