ताई, ओपीडीच्या बाकावर तुम्ही मला बोलायला शिकवलंत

प्रिय ताई,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही, पण वाचलंत की कळेलच. त्या रविवारी ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच अंगावर उलटते तो आजार, असलेल्या आपण सगळ्याजणी पहिल्यांदा एकत्र बसलो, एकेकीनं ओळख करून दिली आणि माझी पाळी आली तेव्हा मी न अडखळता बोलले, की मी साताऱ्याजवळ प्राथमिक शाळेत शिकवते, मला 2 मुली आहेत आणि 2018 पासून मला ल्युपस आहे. घरी आल्यावर जाणवलं की हे बोलायचं बळ तुम्ही दिलेलं, आणि त्याचे आभार मी कधी मानलेच नाहीत.

आजार कळायच्या आधीचं दीड वर्ष आठवलं तरी नको वाटतं. बारीक ताप, सकाळी बोटं मिटायची नाहीत, केस मुठीमुठीनं गळायचे, दोन्ही गालांवर लाल चट्टे. कुणी संधिवात म्हणालं, कुणी टायफॉइड. शेवटी एएनए आणि डीएसडीएनए या रक्ताच्या तपासण्या पॉझिटिव्ह आल्या, आजाराला नाव मिळालं, पण ते नाव घरात कुणाला सांगणार? माझं ताट-वाटी वेगळं ठेवायला लागले होते. सासूबाईंच्या मनात वाईट नव्हतं हो, त्यांना नातींची भीती वाटत होती.

अशात एक दिवस ओपीडीच्या बाकावर तुम्ही शेजारी बसलात आणि विचारलंत, "घरी काय सांगितलंस?" मी रडायलाच लागले. मग तुम्ही म्हणालात, "असं सांग, अंगातली राखणदार फौज चोर सोडून घरच्याच माणसांवर उठलीये. आणि हा लागट नाही, हे आधी सांग." 4-5 वेळा म्हणून घेतलंत माझ्याकडून, पोरांकडून पाढे घेतात तसं. त्याच रात्री सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या काहीच बोलल्या नाहीत, पण सकाळी माझं ताट मांडणीवर सगळ्यांच्या ताटांत होतं. पुढं हेडसरांनाही तेच सांगायचं धाडस झालं, ऊन लागलं की आजार उसळतो म्हणून परिपाठाला मी आता व्हरांड्यात उभी राहते.

आणि 2020 चा मार्च-एप्रिल! कोरोनावर चालते अशी हवा झाली म्हणून हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनवर सगळ्यांच्या उड्या पडल्या, सरकारनं 25 मार्चला निर्यात बंद केली तरी आमच्याकडं मेडिकलमध्ये गोळी मिळेना. आपली तर ती रोजची गोळी, आणि माझ्याकडं 3 उरलेल्या. तुम्ही आधी माझा डोस डॉक्टरांना फोनवर विचारलात आणि मग दुधाच्या गाडीवाल्याबरोबर 8 गोळ्या पाठवल्यात, पट्टी कात्रीनं कापलेली, एक्सपायरी दुसऱ्या तुकड्यावर राहिली म्हणून कागदावर पेनानं लिहून दिलेली. तुमच्याकडं तरी कुठं जास्त होत्या ताई! तो कागद अजून माझ्या फाईलमध्ये आहे.

त्या गोळीनं डोळ्याच्या पडद्याला त्रास होऊ शकतो म्हणून दरवर्षी तपासणीसाठी तुम्ही मागं लागता ना, यावर्षीची परवा करून आले. पडदा चांगला आहे. हे पहिलं तुम्हालाच सांगायचं होतं.

तुमची,
बाकावरची मास्तरीण