घोटभर मोइना पाठव

गंगापूर रोड, नाशिक
८ ऑक्टोबर

प्रिय बाळ्या,

गणपतीत फोन केला नाही म्हणून फुगला असशील. फुगून बस. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे, पुढे ऐक. मोइना मेली. सगळी.

हे सांगू कोणाला? ऑफिसात सांगितलं, तर साठे हळहळून म्हणाला, "मांजर होती का?" माशांना खायला वाढवलेल्या पाण्यातल्या पिसवांचं सुतक पाळणारा माणूस त्याने कुठे पाहिलाय!

झालं असं, की आमच्या खालच्या मजल्यावरच्या पोरीला डेंग्यू झाला. आता घरी आलीय, पण चांगलीच घाबरवलं तिने. मग अळ्या तपासायला माणसं आली. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, सगळं बघून झाल्यावर गच्चीवर गेली. मी कामावर होतो. मोइनाच्या टबावर मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधलेलं होतं, ते सोडून एकाने बॅटरी मारली, तर आत हे वळवळतंय! डासाची अळी पाण्याच्या वरच्या थराला उलटी लटकते, सावली पडली की आळोखेपिळोखे देत खाली जाते. मोइना आपली जागच्या जागी टुणटुण उड्या मारते. तुला-मला हे झोपेतही कळेल. त्याला अजून अख्खी गल्ली करायची होती. पाण्याच्या ड्रममध्ये टाकतात ते टेमीफॉस त्याने टाकलं आणि गेला. त्या औषधाने मासा मरत नाही, मोइना मात्र डासाच्या अळीइतकीसुद्धा टिकत नाही. टबात चार गप्पी सोडलेले असते, तर "शाब्बास काका" म्हणून पुढे गेला असता. अर्थात गप्पींनी तोवर मोइना संपवलीच असती.

ही तिथेच उभी होती. "माशांचं खाणं आहे म्हणून सांगितलं नाहीस का?" विचारलं. म्हणाली, "सांगितलं. तो म्हणाला, ताई, खाली पोरगी दवाखान्यात आहे." यावर मी काय बोलणार? तेव्हापासून गप्प आहे, आणि ही त्याला भांडण समजतेय.

संध्याकाळी वर गेलो तर पाणी नितळ, एकही उडी नाही. तळाला तांबूस साय धरल्यासारखा थर. आठवतं, पाण्यात ऑक्सिजन कमी झाला की ती लाल व्हायची आणि तू म्हणायचास, "लाजली रे!" चमच्याने थोडा थर उचलून भिंगाखाली धरला. काहींच्या पोटात पिल्लं तशीच दिसत होती.

एवढी वर्षं हे एकच बेणं चाललं होतं, बाळ्या. पांडवलेण्यामागच्या त्या डबक्यातलं. गाळणी तुझी म्हणून मोइना तुझी, हा तुझा दावा मला आजही मान्य नाही. गाळणी काकूंच्या चहाची होती, आणि ती कुठे गेली हे त्यांना अजून कळलेलं नाही. मात्र पुण्याला जाताना अर्धी बादली तू नेलीस आणि त्यावरून मी जो तमाशा केला, तो आता माझ्याच पथ्यावर पडतोय. तुझ्याकडे ती अजून आहे ना? नाही म्हणू नकोस.

कारण खरी अडचण पुढे आहे. निळ्या फायटर माशाने थर्माकोलच्या कपाखाली बुडबुड्यांचं घरटं केलं, मादीने अंडी दिली, आणि यावेळी त्याने एकही खाल्लं नाही! पिल्लं सुटी पोहायला लागल्यावर कोबीचं पान कुजवून केलेल्या इन्फुसोरियावर, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर काढली. आता त्यांची तोंडं मोठी झालीत. फडक्यातून गाळलेली बारकी मोइना द्यायची अगदी हीच वेळ, आणि नेमकं आत्ता हे. म्हणून आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारक्या कोळंबीची, अंडी उबवायला लावलीत. कोल्ड्रिंकची बाटली उलटी, लिटरला २५-३० ग्रॅम खडेमीठ, खालून हवा, वर बल्ब. पण डबा जुना, चोवीस तास उलटले तरी निम्मी अंडी ढिम्म. जी फुटतात ती लगेच घालावी लागतात, तासातासाला त्यांच्यातला कस कमी होतो. शिवाय गोड्या पाण्यात थोड्या वेळात मरतात आणि तळाला कुजतात. मोइना खाल्ली नाही तर निदान जिवंत तरी राहते. उकडलेल्या अंड्याच्या बलकाचं नाव काढू नकोस. तुझ्या बलकाने माझ्या गुरामीचं पाणी दुधासारखं झालं होतं. आणि नासर्डी नदीतल्या ट्युबिफेक्स किड्यांचं तर नावच नको. माझे एंजल मासे त्यानेच गेले. "धुऊन दिले होते" हे तू अजून म्हणतोस. नुसतं बुचकळणं म्हणजे धुणं नव्हे.

तळाचा गाळ वाळत घातलाय. पाठीवर काळपट खोगीर घेतलेल्या माद्या अलीकडे बऱ्याच दिसत होत्या, म्हणजे सुप्त अंडी असतील. पण गाळातही औषध मुरलं असणार, त्यामुळे भरवसा नाही. टब तर मी वापरणारच नाही, प्लॅस्टिक आहे, त्यातही मुरलं असणार.

त्यात सोसायटीने शनिवारी कोरडा दिवस ठरवलाय. सगळी भांडी उपडी! अध्यक्षांना म्हटलं, कापड बांधलं की डास अंडी घालत नाही, दाखवतो चला. तर दाखवायला मोइनाच नाही. पुरावाच मेला. आता नवीन कल्चर काचेच्या बरणीत, घरात, खिडकीशी ठेवायचं ठरवलंय. हिला अजून सांगितलेलं नाही.

काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? वहिनींची बदली रद्द झाली हे संजूकडून कळलं, बरं झालं. चिनूला बारावीत सायन्स झेपत नसेल तर छळू नकोस, तुला तरी कुठे झेपलं होतं.

तर संजूचा मुलगा शनिवारी रात्री पुण्याहून निघतोय. त्याच्याकडे लिटरची बाटली दे. पाणी निम्मंच भर, वर हवा राहू दे. गर्दी करू नकोस, घोटभर पुरे. निघायच्या दिवशी तिला खायला यीस्ट घालू नकोस, वाटेत पाणी बिघडतं. आणि पोराला सांग, बाटली एसीच्या तोंडाशी ठेवायची नाही आणि तहान लागली तरी ती प्यायची नाही. तो तुझ्यासारखाच आहे, सांगितलेलं बरं.

तुझा,
नंदू

ता. क. गाळणी परत मागू नकोस.