लाल सुई

सांगली,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय बंड्या,

गणपतीत तुझा फोन आला तेव्हा मी "झकास आहे की" म्हणालो, ते साफ खोटं होतं. त्या वेळी मी कुशीवर पडून होतो आणि कमरेच्या मागं हाडावर ही एवढी चिकटपट्टी होती. तुला खोटं बोललो म्हणून महिनाभर टोचत होतं. आता सगळं सांगतो. निवांत वाच, आणि मधेच फोन लावू नकोस. फोनवर मला हे धड सांगता येत नाही.

श्रावणात सुरू झालं. कोल्ड स्टोरेजचा जिना चढलो की धाप लागायची. बेदाण्याच्या सौद्याला उभं राहवेना, पेटीवर बसून घ्यायचो. चेहरा पिवळट दिसायला लागला. यार्डातले हमाल म्हणायचे, "दिवाणजी, हळदीच्या पेठेत राहून हळद चढली तुम्हाला." मीही हसायचो. जीभ सोलल्यासारखी झाली होती, भडंगाचा घास तोंडात घातला की डोळ्यांत पाणी. पायाला मुंग्या यायच्या, ते साखरेचं असेल म्हणून सोडून दिलं. अकरा वर्षं गोळ्या खातोय, पायाला काहीतरी होणारच, असा माझा हिशोब.

घराजवळच्या डॉक्टरांनी ताकदीच्या तीन लाल सुया टोचल्या, एक दिवसाआड. मग रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.४, पांढऱ्या पेशी २,९००, प्लेटलेट ८२,०००. तिन्ही खाली. घाबरून मिरजेतल्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व बघितलं, ते भरपूर निघालं, कागदावर २,००० च्या वर. मग म्हणाले, मॅरो करावी लागेल, म्हणजे हाडाच्या आत रक्त तयार होतं तो मगज काढून तपासायचा.

मॅरोचं सांगतो, कारण गल्लीत "मणक्यातलं पाणी काढलं" असं पसरलंय. मणक्याचा काही संबंध नाही. कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी, आणि ढुंगणाच्या वरचं हाड असतं तिथं बधिर करून सुई घालतात. सुई आत जाताना नुसता दाब कळतो, स्क्रू पिळल्यासारखा. पण सिरिंजनं आतलं ओढतात ना, त्याला बधिर करणं लागू पडत नाही. चार-पाच सेकंदांचाच खेळ, पण पायापर्यंत कळ गेली मर्दा. मी "विठ्ठल विठ्ठल" म्हणायच्या ऐवजी तुझी ती कॉलेजातली शिवी घातली. सिस्टरबाई हसल्या. मग जाड सुईनं हाडाचा तुकडा काढला आणि बाटलीत टाकताना मला दाखवला. उदबत्तीच्या काडीचा टवका असावा तेवढा.

रिपोर्ट आला अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी. दोन पानं. पेशी भरपूर आहेत, पण घडण बिघडलेली, ब्लास्ट म्हणजे कच्च्या पेशी ३ टक्के, हाडाचा तुकडा लांबीला कमी. आणि शेवटी, "एमडीएस असण्याची शक्यता विचारात घ्यावी, क्लिनिकल कोरिलेशन करावं." म्हणजे लक्षणांशी ताडून बघा. मी डॉक्टरांना विचारलं, म्हणजे आहे की नाही? म्हणाले, आज सांगता येत नाही. गुणसूत्रांचा रिपोर्ट यायला तीन आठवडे. गरज पडली तर पुन्हा मॅरो करू.

घरी पुतण्यानं मोबाईलवर एमडीएस शोधलं आणि एकदम गप्प झाला. त्यावरून काय ते कळलं. रक्ताच्या कॅन्सरच्या घरातलं दुखणं. आठवडाभर रात्री माझ्या डोक्यात हिशोबच. कर्ज किती, धाकटीचं शिक्षण किती राहिलं, विमा किती. हिच्यासमोर मात्र जेवण नीट.

दुसरं मत घ्यायचं हिनंच काढलं. मला अवघड वाटत होतं. इतकं केलं त्या माणसानं, आता दुसरीकडं जातो म्हणायचं कसं? मामा वेगळंच बोलले, "१८९४ ला वॉन्लेस साहेबानं मिशनचं हॉस्पिटल काढल्यापासून कर्नाटकातनं लोक मिरजेला येतात, आणि तू मिरज सोडून पुण्याला?" आईचं म्हणणं पितृपंधरवडा जाऊ दे. शेवटी चाचरत डॉक्टरांना विचारलं. आणि बंड्या, माणसानं कपाळाला आठीसुद्धा घातली नाही. "मीच सुचवणार होतो" म्हणाले, आणि सगळा इतिहास स्वतःच्या हातानं लिहून पत्र दिलं. फाईलची नक्कल लगेच मिळाली. मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे, असा २००२ पासूनचा नियमच आहे म्हणे.

अडलं ते लॅबमध्ये, मॅरो पसरून तपासलेल्या काचा मागताना. खिडकीतला पोरगा म्हणाला, रिपोर्ट दिलाय की, काचा कशाला? मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. रिपोर्ट म्हणजे एकानं बघून लिहिलेलं, दुसऱ्याला त्याच काचा स्वतः बघायच्या असतात, आणि हाडाच्या तुकड्याचा मेणाचा ठोकळाही पाहिजे. तीन खेपा झाल्या. मग रजिस्टरवर सही घेऊन दिलं एकदाचं. प्लॅस्टिकची चपटी डबी, आत आठ काचा, कडेला पेन्सिलीनं माझा नंबर. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं निघालो. हिनं ती डबी शालीत गुंडाळून पुण्यापर्यंत मांडीवर धरली. खंबाटकीच्या वळणांवर तर तान्ह्या पोराला धरावं तशी. मी म्हटलं ठेव पिशवीत, तर नुसतं बघितलं माझ्याकडं.

पुण्याच्या डॉक्टरबाई रक्ताच्याच आजारांच्या. वय आपल्यापेक्षा कमी. काचा त्यांनी मदतनिसाकडं दिल्या, फाईल बाजूला सारली आणि म्हणाल्या, "पहिल्यापासून सांगा." मी सांगितलं. मांसमच्छी खाता? नाही, वीस वर्षं माळ आहे. साखरेची कोणती गोळी? मेटफॉर्मिन. मग टॉर्च घेऊन, "जीभ बघू." बंड्या, तोपर्यंत कुणी माझी जीभ बघितली नव्हती. मीही दाखवली नव्हती म्हणा. मग पायाच्या घोट्यावर ट्यूनिंग फोर्क ठेवला. हातावर कंप कळत होता, घोट्यावर काहीच नाही. आणि मग विचारलं, "रक्त तपासायच्या आधी कुठलं इंजेक्शन घेतलं होतं?"

मी नाही म्हणालो. हिनं माझ्याकडं बघितलं. "अहो, त्या लाल सुया?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. ती लाल सुई म्हणजे बी-१२. ती टोचल्यावर रक्तातलं बी-१२ भरपूर दिसणारच, आधी कितीही खडखडाट असो. मॅरोमधलं चित्रही दोन-तीन दिवसांत बदलायला लागतं, त्यामुळं अर्धवट सुधारलेली मॅरो बघणाऱ्याला कोड्यात टाकते. बी-१२ नसलं की पेशी अशा वेड्यावाकड्या होतात की एमडीएसच वाटावं. वर माळ, वर अकरा वर्षं मेटफॉर्मिन, ज्यानं बी-१२ नीट शोषलं जात नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी "औषधं कोणती चालू?" विचारलं होतं, बरं का. मी गोळ्यांची यादी दिली. ताकदीची सुई मी औषधात धरतच नव्हतो. त्यांनी तेवढं एक खोदून विचारायला हवं होतं असं अजून वाटतं, पण दोष निम्मा माझ्याच पदरात पडतो.

मग त्यांनी माझे तीन रक्ताचे रिपोर्ट टेबलावर पत्ते मांडावेत तसे मांडले. हिमोग्लोबिन ७.४, मग ८.३, आणि त्या दिवशी सकाळी केलेलं ९.६. प्लेटलेट १,४६,०००. मधला रिपोर्ट मी गल्लीतल्या लॅबमध्ये केलेला, मिरजेला दाखवलाच नव्हता.

म्हणजे सुटलो का? तसं त्या म्हणाल्या नाहीत. काचा बघून त्यांनी लिहिलं, बी-१२ ची कमतरता जास्त संभवते. गुणसूत्रांचा रिपोर्ट नॉर्मल आलाय, पण तो नॉर्मल असूनही एमडीएस असू शकतं, हेही स्पष्ट सांगितलं. आता सुया चालू, दर महिन्याला रक्ताची तपासणी, आणि तीन महिन्यांत सगळ्या पेशी जागेवर आल्या नाहीत तर पुन्हा मॅरो. मुंग्यांचं काय होईल ते बघायचं. मिरजेच्या डॉक्टरांना पत्राची प्रत नेऊन दिली. त्यांनी दोनदा वाचलं, स्वतःच्या फाईलवर "बी-१२ इंजेक्शन आधी घेतले होते" असं लाल पेनानं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

पुढची तपासणी दिवाळीनंतर. तेव्हा येशील? हरिपूरला संगमावर जाऊन बसू, चालणं मला आता तेवढं जमतं. माझ्या ताईला मात्र यातलं काही सांगू नकोस, ती उगाच उपास धरेल. परवा अर्धी मूठ भडंग खाल्लं. झोंबलं, पण खाल्लं.

तुझा,
दिग्या